दर्या दाराशी असताना मीठ विकत का आणायचं? कोकणात घरच्या टाकीत मऊ प्रवाळ वाढवताना

आमच्या पडवीत बसलं की समुद्राची गाज ऐकू येते. अशा घरात मी बाजारातून आणलेलं मीठ गोड्या पाण्यात कालवून समुद्राचं पाणी करते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शेजारचे आबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. उभा जन्म होडीवर काढलेला माणूस. मग म्हणाले, "अगं, दर्या दाराशी आहे आणि तू मीठ विकत आणतेस?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर प्रवाळ म्हणजे काय, त्याला पाणी कसं लागतं आणि आपल्या किनाऱ्याचं पाणी वर्षभर कसं वागतं, हे सगळंच सांगावं लागतं. आबांना मी ते तुकड्यातुकड्याने सांगितलं. इथे एकत्र लिहिते, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गात टाकी लावावी असं मनात असलेले बरेच जण मला हेच विचारतात.

पोवळं म्हटलं की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, आणि ते घडवणारा जीव समुद्रात खडक बांधणाऱ्या प्रवाळांपेक्षा वेगळ्या कुळातला. पण मूळ रचना दोघांचीही सारखीच: एक इवलीशी पिशवी, तिला एकच तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू. या जीवाला पॉलिप म्हणतात. असे शेकडो पॉलिप एकमेकांना चिकटून वसाहत करतात, आणि आपल्याला दिसतं ते 'झुडूप' म्हणजे ती वसाहत. उथळ, उजेडाच्या पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. एका चौरस सेंटिमीटरमध्ये लाखो पेशी. हे शेवाळ उजेडावर साखर तयार करतं आणि तिचा मोठा हिस्सा यजमानाला देतं. यजमान त्याला आसरा देतो आणि स्वतःची मळी खत म्हणून पुरवतो. म्हणून प्रवाळ पाळणं हे निम्मं प्राणी पाळणं आणि निम्मं बाग करणं आहे. बागेसारखंच त्याचं कलमही होतं. वादळात फांदी मोडून पडली आणि तिला घट्ट जागा मिळाली, तर ती तिथे रुजते. टाकीत आपण हेच मुद्दाम करतो. छोटा तुकडा सिरॅमिकच्या बुचावर चिकटवायचा आणि वाढवायचा. या तुकड्याला सगळे 'फ्रॅग' म्हणतात, मीही तोच शब्द वापरते.

आधी कायदा

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं आहेत. काळं पोवळं, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही त्यातच येतात. वाघाला जे संरक्षण आहे तेच त्यांना. म्हणजे दगडी प्रवाळाचा तुकडा समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. पुळणीवर वाहून आलेला मेलेला पांढरा तुकडाही उचलून घरी आणू नये. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या त्या पाण्यात दगडी प्रवाळ आहे, आणि गढूळ पाण्यात तग धरणारं म्हणून ते जास्तच मोलाचं आहे. तिथला गोटासुद्धा टाकीसाठी नको.

मग घरी काय ठेवायचं? मश्रूम, झोआन्थिड (बोलताना नुसतं 'झोआ'), लेदर, झेनिया या जातींची मऊ प्रवाळं. ती खडक बांधत नाहीत, काटक असतात आणि वर सांगितलेल्या यादीत नाहीत. तीही कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या वसाहतीची कलमंच घ्यावीत, समुद्रातून उपटलेली नव्हेत, आणि बिल जपून ठेवावं. याद्यांमध्ये बदल होत असतात, म्हणून घेण्यापूर्वी वनविभागात एकदा विचारलेलं बरं. "दगडी प्रवाळाचा छोटासा फ्रॅग आहे, कुणाला कळतंय" असं सांगणारा विक्रेता भेटला, तर तिथून दुसरं काहीही घेऊ नका, एवढं माझं ठाम मत आहे.

पाणी

आता आबांचा प्रश्न. समुद्राचं पाणी वापरता येतं का? येतं. पण कुठलं आणि कधीचं, हे आबांनाच माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. उधाणाच्या दिवसांत ओढ जास्त, त्यामुळे तळाचा गाळ ढवळून वर येतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराला, पाणी संथ असतं आणि बरंच निवळतं. खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी मिसळलेलं, जेटीजवळ डिझेलचा तवंग. म्हणून जानेवारी ते एप्रिल, भांगाचे दिवस, पूर्ण भरती, खाडीपासून लांबचा खडकाळ किनारा, एवढं जमवून आणलं तर पाणी चांगलं मिळतं. ते कापडातून गाळून झाकणाच्या पिंपात अंधारात दोन-तीन आठवडे ठेवायचं. त्यातले सूक्ष्म जीव मरतात, गाळ बसतो, मग वरचं निवळ पाणी काढून घ्यायचं.

हे झालं चार महिन्यांचं. पुढे जून उजाडतो. नद्या गाळ घेऊन उतरतात, किनाऱ्याचं पाणी चहासारखं होतं आणि खारेपणा कुठल्या कुठे जातो. आपल्या किनाऱ्यालगत प्रवाळ तुरळक असण्यामागे हे एक मोठं कारण आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेलं. तिथे नदीचा गाळ पोचत नाही, पाणी स्वच्छ असतं, आणि त्याच अरबी समुद्रात प्रवाळाची श्रीमंत वस्ती आहे. प्रवाळाला खाऱ्या पाण्यापेक्षाही न बदलणारं पाणी हवं असतं. मला पावसाळ्यातही दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलावं लागतं, आणि ते मागच्या आठवड्यासारखंच असावं लागतं. म्हणून मीठ विकत.

त्यावर आबांचा पुढचा प्रश्न: मग घरातलं मीठ का नको? याचं उत्तर उरण-पेणच्या मिठागरात आहे. वाफ्यात पाणी आटत जातं तेव्हा आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, त्यानंतर आपलं मीठ. मीठ वेचून झाल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम राहतं. म्हणजे स्वयंपाकघरात येतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड; बाकीचा समुद्र मिठागरातच राहिला. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट पावणेतीन, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमच्या थोडं वर, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. चॅलेंजर या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरून पाणी गोळा केलं. त्यातले ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली मांडलं की खारेपणा कमीजास्त असला तरी या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास तेच असतं. टाकीसाठी मिळणारं मीठ हे प्रमाण सांभाळून बनवलेलं असतं. त्याच्या पाकिटाची किंमत या प्रमाणाची असते.

ज्या गोड्या पाण्यात हे मीठ घालायचं तेही महत्त्वाचं. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्यात बऱ्याचदा लोह असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. घरचा आरओ चालेल का, तर चवीसाठी तो थोडे क्षार परत सोडतो. ती सोय बंद करून, पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी जोडून, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणावर) शून्याजवळचा आकडा आला की ते पाणी घ्यावं. एसीचं ठिबकणारं पाणी कुणी सुचवतं. ते नको, कारण आतल्या नळ्या तांब्याच्या असतात. तांबं आपल्याला मानवतं. प्रवाळ, गोगलगाय, कोळंबी यांना ते विष आहे. पाणी तांब्याच्या हंड्या-कळशीत क्षणभरही साठवू नये.

टाकी उथळ घ्यावी. माझी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट उंच आहे. म्हणजे साडेचार घनफूट, साधारण १२७ लिटर. खाली कपाटात सम्प, म्हणजे दुसरी छोटी टाकी. तिच्यात स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण वेगळी काढणारं यंत्र, आणि बाकीची यंत्रं. फिरतं पाणी सगळं मिळून दीडशे लिटर धरा. याहून लहान टाकी सोपी वाटते, प्रत्यक्षात उलट आहे: पाणी जितकं कमी तितकी चूक लवकर भोवते.

नवशिक्यांची सगळ्यात जास्त प्रवाळं मरताना मी पाहिली ती वर घालायच्या पाण्यापायी. टाकीतून फक्त पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पुन्हा तेच मिठागर. रोज तीन लिटर उडत असतील आणि आठवडाभर लक्ष दिलं नाही, तर दीडशेचे १२९ लिटर उरतात आणि ३५ चा खारेपणा ४० च्या वर जातो. घाबरून लोक त्यात खारं पाणी ओततात, म्हणजे आणखी मीठ. उडालेल्याच्या जागी नेहमी गोडंच पाणी घालायचं, रोज, थोडं थोडं. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून उजेड किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) घ्यावा. तरंगती काचनळी स्वस्त असते, पण तिच्यावर माझा भरवसा नाही.

उष्मा

टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं. ते सतत दोन-तीन अंश चढून राहिलं की प्रवाळाच्या अंगातल्या शेवाळाचं काम बिघडतं, त्यातून घातक ऑक्सिजन तयार होतो आणि यजमान आपल्याच पाहुण्याला बाहेर काढतो. रंग जातो, खालची पांढरी काया दिसते. समुद्रात यालाच विरंजन म्हणतात. ते लगेच मरण नव्हे, पण उपासमार सुरू झालेली असते.

पुण्यातल्या मैत्रिणीने मला सांगितलं होतं, पाण्यावर पंखा सोड, काम होतं. तिचं होतं. इथे होत नाही, आणि कारण समजून घेतलं तर पैसे वाचतात. पंखा हवा गार करत नाही; तो पाण्याची वाफ करतो आणि वाफ होताना उष्णता जाते. एक लिटर पाणी उडालं की दीडशे लिटरचं तापमान जवळपास चार अंश उतरवण्याइतकी उष्णता निघून जाते. पण हवेला वाफ घ्यायला जागा हवी. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी ती भरपूर असते. आपल्याकडे मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर पंखा कितीही जोरात फिरवा, पाणी सुमारे २८ अंशांच्या खाली जाणारच नाही. वाळत घातलेले कपडे दिवसभर दमट राहतात त्या दिवशी पंख्याकडूनही आशा ठेवू नये. म्हणून कोकणात चिलर (पाणी गार करणारं यंत्र) लागतो. सगळ्या खर्चात हा आकडा मोठा आहे, आणि तो नंतर बघू म्हणून पुढे ढकलायचा नाही.

चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत सोडतो. टाकीच्या कपाटातच तो कोंबला तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो. माझा पडवीत आहे, भिंतीतून दोन नळ्या आत आणल्यात. टाकीची जागा निवडताना माजघर बघा. कौलारू घरात, जांभ्याच्या जाड भिंतींमध्ये, सगळ्यात कमी तापणारी खोली तीच. खिडकीजवळचा नैसर्गिक उजेड मोहात पाडतो, पण त्याच्याबरोबर उष्मा आणि काचेवरचं हिरवं शेवाळ येतं.

वीज गेली की

पहिल्या पावसाळ्यात एका रात्री वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. मी इन्व्हर्टरवर दिवे लावले होते, कारण प्रवाळाला उजेड लागतो एवढंच डोक्यात होतं. तीच चूक. पाणी हलत नव्हतं, ऑक्सिजन संपत गेला, सकाळी दोन गोगलगायी आणि एक क्लाउनफिश मेलेले होते. प्रवाळ दोन दिवस अंधारात सहज काढतं. मावळतीनंतर ते तसंही अंधारातच असतं. साचलेल्या पाण्यात मात्र मासे काही तासांत गुदमरतात. इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा पंप, बाकी सगळं नंतर. त्याखेरीज बॅटरीवर चालणारा एअर पंप आणि जादा सेल पावसाळा लागण्यापूर्वी घरात हवेतच.

खारं पाणी आणि वीज एका कपाटात आहेत, म्हणून गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर लावल्याशिवाय टाकीत हात घालू नका. प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली झोळीसारखी लोंबू द्यायची, म्हणजे ओघळलेला थेंब तिथून खाली पडतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग ढिलं पडतं. जुनी माणसं त्या खड्ड्यात पाणी ओततात ते उगीच नव्हे.

महिनाभर रिकामी टाकी

पाणी भरलं, सिरॅमिकचे दगड रचले, पंप सुरू झाला. आता काहीच आणायचं नाही. एक कोळंबी आत टाका, सोललेली नको, आणि वाट बघा. ती कुजते, अमोनिया तयार होतो. अमोनिया खाणारे जिवाणू वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात. मग नायट्राइट खाणारे वाढतात, त्याचं नायट्रेट होतं, आणि ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. हे जिवाणू दगडांच्या भोकाभोकांत वस्ती करतात आणि तीच आपली खरी गाळणी. थेंबांच्या टेस्ट किटने मोजत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. चार ते सहा आठवडे लागतात. घरात वास येतो, घरचे कुरकुरतात, झाकण ठेवा. या महिन्याला आडवाट नाही.

उजेडासाठी निळ्याकडे झुकलेले एलईडी, आठ ते दहा तास. मऊ प्रवाळाला फार प्रखर नको. नवा फ्रॅग आधी कडेला, सावलीत ठेवून हळूहळू मध्ये आणावा. पाण्याचा झोत थेट अंगावर नको, आजूबाजूने हवा. झोआ आखडून बसले असतील तर बहुधा यातलंच काहीतरी चुकलेलं असतं.

कॅल्शियमबद्दल लोक फार काळजी करतात. दगडी प्रवाळ नसेल तर आठवड्याच्या पाणीबदलातून बहुतेक भरपाई होते. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, ८-९ डीकेएच (हे तिचं माप) राहिली की पुरे. दगडांवर गुलाबी शेवाळाचा थर धरू लागला की तो कॅल्शियम खातो. तेव्हा मी चुन्याची निवळी वापरते. हो, तीच आजीच्या औषधातली. फक्त चुना पानाच्या डबीतला नको, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लिटरभर पाण्यात साधारण दीड ग्रॅम, ढवळून, निवळू देऊन वरचं पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. ती फार तीव्र असते, एकदम ओतली तर टाकी जाईल. कोकणात शिंपले भाजून चुना करत. समुद्रातून निघालेला चुना असा पुन्हा खाऱ्या पाण्यात विरघळताना पाहिला की मला बरं वाटतं.

कलम करताना

मश्रूम कापणं सगळ्यात सोपं. तोंडावरून धारदार पात्याने चार भाग करा. प्रत्येक भाग दोन-तीन आठवड्यांत गोल होतो. त्याला गोंद धरत नाही, म्हणून बारीक खडी घातलेल्या वाटीत, वर जाळी लावून ठेवायचा. तो स्वतःच एखादा खडा पकडतो. लेदरची फांदी कापून बुचाला रबरबँडने सैलसर बांधा. झोआ खालच्या सालीसकट सोडवून सुपरग्लूच्या जेलने चिकटवा. बाहेरून आणलेला कुठलाही फ्रॅग आधी वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे ठेवावा, कारण एकच आयपटेशिया, म्हणजे काचेसारखं उपद्रवी समुद्रफूल, आत शिरलं तर वर्षभर पुरतं.

आणि हे दोनदा वाचा. झोआ आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या पॅलिथोआतून ते शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं आणि १९७१ साली जाहीर केलं. ज्ञात विषांमधल्या अतिशय जहाल विषांपैकी ते एक आहे. कापताना हातमोजे, डोळ्यांना चष्मा, हातावर जखम असेल तर काम दुसऱ्या दिवशी. झोआ लागलेला दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही. वाफेतून आणि उडालेल्या तुषारांतून माणसं गंभीर आजारी पडली आहेत. लहान मूल, मांजर, कुत्रा खोलीबाहेर. वापरलेलं पातं आणि मोजे ब्लीचच्या पाण्यात बुडवून मगच टाकायचे.

टाकीतून काढलेल्या पाण्याचं काय? समुद्राचंच आहे, समुद्रात ओतू, असं वाटणं साहजिक आहे. तेच करायचं नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर मत्स्यटाकीतून सुटलेलं झेनियाच्या जवळचं एक मऊ प्रवाळ खडकांवर इतकं पसरलं की तिथली मूळची प्रवाळं त्याखाली गुदमरली. आपल्या मालवणच्या खडकांवर अशी वेळ यायला कापलेला एक तुकडा आणि एक बादली पुरेल. खाडीतही नको, वहाळातही नको. मी काढलेल्या पाण्यात ब्लीच घालून ते दोन-तीन दिवस उघडं ठेवते आणि मग माडाच्या आळ्यात ओतते. माडाला आपण एरवीही मीठ घालतोच. फक्त विहिरीजवळचा माड सोडायचा आणि दर आठवड्याला झाड बदलायचं. आमच्या परड्यात सात माड आहेत, त्यामुळे एकाची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. ही पाळी आता आबाच लक्षात ठेवतात.